संगणक व महाजाल, लोकव्यवहारातील : यवतमाळ जिल्हा

सर्वसामान्य माणसे शेती, मजुरी, शिक्षण, बँक, शासकीय कामे, आप्तेष्टांशी संपर्क, करमणूक इ. दैनंदिन व्यवहारांत संगणकाचा व महाजालाचा जो वापर करतात, त्याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात केले आहे. ‘संगणक’ ह्या संज्ञेत येथे मोबाइल फोनचाही अंतर्भाव होतो. कारण रचनेच्या दृष्टीने तोही संगणकच होय. महाजाल म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘नेट’.

ह्या वापराचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार स्वेच्छेचा : संभाषण, छायाचित्रे, गाणी, बातम्या, बाजारभाव, पैशांची देवघेव इत्यादी. ह्यासाठी माणूस स्वतःचा फोन स्वतःच्या हाताने चालवितो. दुसरा प्रकार अपरिहार्यतेचा : दाखले, जमिनीचे अभिलेख, अनुदान, पीकविमा, शिष्यवृत्ती, नोकरीचे अर्ज इत्यादी. हे काम बहुधा दुसऱ्याच्या हाताने, म्हणजे सेवाकेंद्राच्या चालकाकडून, करून घेतले जाते. माणसाच्या पोटापाण्याशी व हक्कांशी अधिक निगडित असलेला वापर त्याच्या स्वतःच्या हाती सर्वांत कमी असतो, हे जिल्ह्यातील संगणकव्यवहाराचे मुख्य लक्षण म्हणता येईल.

पार्श्वभूमी : यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. तीतील तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्यात १६ तालुके आहेत. कापूस, सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके होत. गोंड, कोलाम, आंध इ. आदिवासी जमाती आणि बंजारा समाज यांची वस्ती मोठी असून वऱ्हाडी वळणाच्या मराठीबरोबर गोंडी, कोलामी व गोरमाटी ह्या भाषा घरांतून बोलल्या जातात. झरी-जामणी, घाटंजी, केळापूर ह्या तालुक्यांतील डोंगराळ व वनाच्छादित भागांत फोनच्या लहरी सर्वत्र सारख्या पोहोचत नाहीत. पाड्यावरून तालुक्याच्या ठिकाणी जाऊन एक अर्ज भरावयाचा, तर मजुरीचा एक दिवस बुडतो. संगणकीय सोयीचा विचार करताना हा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

ऐतिहासिक आढावा : १९८० नंतरच्या दशकात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ह्या केंद्रशासनाच्या संस्थेने ‘निकनेट’ ह्या उपग्रहाधारित जाळ्याने देशातील जिल्ह्यांची मुख्यालये जोडण्यास आरंभ केला. जमिनीच्या अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातून यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात महाजालाची सेवा सर्वांसाठी खुली केली.

ग्रामीण महाराष्ट्रातील आरंभीचा मोठा प्रयोग कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये झाला. सुमारे ७० गावांसाठी संगणककेंद्रे उघडण्यात आली आणि ती वारणा सहकारी साखर कारखान्याशी जोडली गेली. शेतीविषयक माहितीचे विस्तृत भांडार शेतकऱ्यांस खुले व्हावे, असा हेतू होता. परंतु प्रत्यक्षात ऊसनोंद, तोडणी, वजन, खत व देयक यांचीच माहिती मुख्यत्वे विचारली जाई. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल फोनवरील लघुसंदेशांनी हीच माहिती देऊन पाहण्यात आली व ती पद्धत स्वस्त आणि सोयीची ठरली. लोक यंत्राचा उपयोग स्वतःच्या गरजेपुरता व स्वतःच्या सोयीने करतात, योजनाकारांच्या कल्पनेप्रमाणे नव्हे, हा ह्या प्रयोगाचा धडा पुढील काळासही लागू पडतो.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली. त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ ह्या अभ्यासक्रमाने राज्यातील लहान शहरांतील तरुणांस संगणकाची पहिली ओळख करून दिली. राष्ट्रीय ई-शासन योजना २००६ मध्ये मंजूर झाली व तिच्यातून खेडोपाडी सामायिक सेवा केंद्रे निघाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. २०११ मध्ये ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ म्हणजेच ‘संग्राम’ ह्या प्रकल्पाने ग्रामपंचायतींत संगणक व संगणकचालक आले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ह्यान्वये ठरावीक मुदतीत शासकीय सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला व त्यासाठी ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ उघडण्यात आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ ह्या नव्या कंपनीच्या आगमनानंतर महाजालाचे दर झपाट्याने उतरले आणि स्वतःचा संगणक कधीही न घेतलेल्या घरांत फोनच्या रूपाने महाजाल पोहोचले.

सेवाकेंद्र व त्याचा चालक : तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आसपास, तसेच मोठ्या गावांच्या बसथांब्यांजवळ ही केंद्रे दिसतात. ‘सेतू’, ‘महा ई-सेवा केंद्र’, ‘आपले सरकार सेवा केंद्र’ अशी त्यांची निरनिराळ्या काळांतील अधिकृत नावे असली, तरी लोक त्यांना सरसकट ‘सेंटर’ म्हणतात. अनधिकृत खासगी दुकानेही ह्याच नावाने ओळखली जातात. एक-दोन संगणक, छपाईयंत्र, कागदाची प्रतिमा घेणारे यंत्र, झेरॉक्स व बोटाचे ठसे घेण्याचे लहान उपकरण एवढ्यावर केंद्र चालते. उत्पन्न, जात, रहिवास यांचे दाखले, सातबारा व आठ-अ, शिधापत्रिकेतील नाव, विमा, शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज इ. कामे तेथे होतात.

ह्या चालकास जुन्या काळातील अर्जनवीस व पत्र वाचून दाखविणारा टपालवाला यांचा वारसदार म्हणता येईल. तथापि दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. अर्जनवीस लिहिलेला अर्ज वाचून दाखवी आणि कागद पक्षकाराच्या हाती देई. केंद्रातील पडदा मात्र चालकाच्या बाजूस वळलेला असतो. भरलेली माहिती अर्जदारास क्वचितच वाचून दाखविली जाते. परवलीचा शब्द पुष्कळदा चालकच ठरवितो व तो त्याच्याच वहीत राहतो. परिणामी पुढच्या वेळी त्याच केंद्रात जाणे भाग पडते. असे असले, तरी चालकाचे काम केवळ टंकलेखनाचे नसते. कोणत्या योजनेस कोणता कागद लागतो, कोणती त्रुटी कोणत्या कचेरीत दुरुस्त होते, गर्दी केव्हा कमी असते हे व्यवहारज्ञान त्याच्याजवळ असते आणि अनेकांस ते दुसरीकडे मिळत नाही.

चालकाचे उत्पन्न अर्जांच्या संख्येवर अवलंबून असते. ह्याचा परिणाम पीकविम्याच्या बाबतीत स्पष्ट झाला. खरीप २०२३ पासून राज्यातील शेतकऱ्यास एका रुपयात पीकविमा उतरविता येऊ लागला व केंद्रचालकास विमा कंपनीकडून दर अर्जामागे ४० रुपये मिळत. विम्याच्या अर्जांची संख्या पुष्कळ वाढली. पण दुसऱ्याच्या किंवा शासकीय जमिनीवर विमा उतरविल्याची प्रकरणेही राज्यात उघडकीस आली. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद करण्यात आली.

ओळख व नावांचा मेळ : संगणकीय व्यवहारात माणसाची ओळख आधार क्रमांक, फोन क्रमांक व बँकखाते यांच्या परस्परजोडणीने ठरते. ह्या साखळीतील एक दुवा निखळला, की काम अडते. बँकेत किंवा रास्त भाव दुकानात अंगठा लावावा लागतो. परंतु कापूस वेचणाऱ्या, माती व दगडांत काम करणाऱ्या हातांवरील रेषा झिजतात आणि वयोमानानेही ठसे पुसट होतात, त्यामुळे यंत्र कधीकधी ठसा स्वीकारत नाही. दुसरा मार्ग फोनवर येणाऱ्या ‘ओटीपी’चा, म्हणजे एकदाच चालणाऱ्या सांकेतिक अंकांचा होय. मात्र भरणा न केल्याने आधारशी जोडलेला क्रमांक बंद पडला असेल किंवा तो फोन बाहेरगावी कामास गेलेल्या मुलाजवळ असेल, तर हाही मार्ग खुंटतो.

नावांच्या लेखनाची अडचण विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सातबाऱ्यावर नाव मराठीत असते, तर बँकेत व इतर अनेक ठिकाणी ते रोमन लिपीत लिहिले जाते. ‘विठ्ठल’ ह्या नावात ‘टी’ हे रोमन अक्षर एकदा लिहावे की दोनदा, ‘लक्ष्मी’मधील ‘क्ष’ कसा दाखवावा, वडिलांच्या नावापुढे ‘राव’ लावावे की नाही, ह्यांस ठाम नियम नाही. माणूस वाचताना ही सारी रूपे एकच समजतो. यंत्र अक्षरशः तुलना करते आणि त्याच्या लेखी ती वेगवेगळी माणसे ठरू शकतात. विवाहानंतर स्त्रियांचे नाव बदलण्याच्या रूढीमुळे हा प्रश्न त्यांच्या बाबतीत अधिक बिकट होतो.

शेतीतील वापर : गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरील हक्कांचा अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही, दोन्ही मिळून सातबारा होतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा संकेतस्थळावर मिळू लागला व १५ रुपये शुल्कात त्याची प्रत घेता येऊ लागली. त्यामुळे उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सवडीची वाट पाहण्याचे कारण पुष्कळ अंशी उरले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर लागू झाली. तीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनने पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व पेऱ्याची नोंद करावयाची असते. छायाचित्राबरोबर स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करी. आता नोंदीचा अधिकार शेतकऱ्याकडे आला, त्याबरोबर ती न झाल्याची जबाबदारीही आली. नोंद राहून गेल्यास नुकसानभरपाई, विमा व हमीभावाने विक्री यांत अडथळा येऊ शकतो.

कर्जमाफीच्या दोन योजनांची तुलना ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१७ च्या योजनेत शेतकऱ्याने स्वतः महाजालावर अर्ज भरावयाचा होता व २४ जुलै २०१७ पासून अर्ज स्वीकारले गेले. कुटुंबाची, खात्याची व कर्जाची माहिती अर्जदाराने द्यावयाची आणि ती बँकांच्या नोंदींशी पडताळावयाची, अशी ही पद्धत होती. केंद्रांवर रांगा लागल्या व माहितीचा मेळ घालण्यात बराच काळ गेला. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या योजनेत माहिती बँकांकडूनच घेण्यात आली. फेब्रुवारी २०२० पासून याद्या लागल्या आणि शेतकऱ्याने केवळ रक्कम पाहून आधारप्रमाणीकरण करावयाचे, म्हणजे अंगठा लावावयाचा, असे ठरले. यंत्र दोन्ही वेळा तेच होते. शासनाजवळ आधीच असलेली माहिती नागरिकाकडून पुन्हा मागावयाची की नाही, एवढ्या एका निर्णयाने त्याचे श्रम कमी झाले.

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला. कापसाच्या बाबतीत २०२५-२६ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ह्या फोनवरील प्रणालीत पूर्वनोंदणी आवश्यक केली. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये व लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये होता. नोंदणीसाठी आधार, जमिनीचा अभिलेख व कापसाच्या पेऱ्याची नोंद लागे. नोंदणी पडताळल्यानंतर खरेदीकेंद्रावर माल आणण्याचा दिवस ठरविता येई. बैलगाड्या व वाहने घेऊन केंद्राबाहेर रात्र काढण्याचा जुना त्रास अशा व्यवस्थेने कमी होऊ शकतो. परंतु बटाईने किंवा मक्त्याने दुसऱ्याची जमीन करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. कापूस त्याचा असला, तरी यंत्राच्या दृष्टीने तो शेतकरी नसतो, आणि हमीभावापेक्षा कमी दराने खासगी व्यापाऱ्यास माल घालण्याची पाळी त्याच्यावर येते.

स्त्रियांचा वापर : अनेक घरांत फोन एकच असतो व तो पुरुषाजवळ राहतो. महिला बचतगटांच्या हिशेबांमुळे, अंगणवाडी व आशा कार्यकर्त्यांच्या कामामुळे स्त्रियांच्या हाती फोन येण्यास चालना मिळाली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत दरमहा १,५०० रुपये स्त्रीच्या स्वतःच्या आधारसंलग्न खात्यात जमा होऊ लागल्याने खाते उघडणे, आधारशी जोडणे व जमा रकमेचा संदेश वाचणे ह्या गोष्टी घरोघर पोहोचल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ह्या योजनेसाठी ओळखपडताळणी सुरू झाली, तेव्हा लाभार्थी स्त्रीबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचेही प्रमाणीकरण मागितले गेले. ज्यांचे पती व वडील दोघेही हयात नाहीत, अशा स्त्रियांस ही अट पूर्ण करणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी कागदपत्रे सादर करण्याची वेगळी सोय नंतर करण्यात आली व मुदत वाढविण्यात आली. शेतकरी-आत्महत्यांमुळे एकट्या पडलेल्या स्त्रियांची संख्या मोठी असलेल्या ह्या जिल्ह्यात, अर्जाच्या नमुन्यातील एका रिकाम्या चौकटीचा अर्थ किती गंभीर असू शकतो, हे त्यावरून लक्षात येते.

शिक्षण व नोकरी : शिष्यवृत्ती, अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश, विद्यापीठांचे परीक्षाअर्ज हे सर्व महाजालावर होतात. २०२०-२१ मधील कोरोनाकाळात शाळा बंद असताना शिक्षण फोनवर आले आणि एका फोनवर दोन-तीन भावंडांचे वर्ग, अपुऱ्या लहरी व भरणा यांमुळे त्याच्या मर्यादा उघड झाल्या. शासकीय भरतीच्या परीक्षाही संगणकावर घेतल्या जातात. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांहून अधिक जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. परीक्षाशुल्क खुल्या प्रवर्गास १,००० व राखीव प्रवर्गास ९०० रुपये होते. शुल्क, केंद्राचा आकार व परीक्षास्थळाचा प्रवासखर्च मिळून एक अर्जही गरीब कुटुंबास जड जातो. दुसऱ्या बाजूस, शहरातील महागड्या शिकवण्या न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांस फोनवरील विनाशुल्क व्याख्यानांचा मोठा आधार मिळतो.

संभाषण, करमणूक व भाषा : स्वेच्छेच्या वापरात संभाषणाचे स्थान पहिले. ऊसतोडणीसाठी व इतर कामांसाठी बाहेर जाणाऱ्या मजुरांच्या कुटुंबांत, विशेषतः पुसद, दिग्रस, उमरखेड भागांतील तांड्यांवर, फोनवरून एकमेकांचे चेहरे दिसणे हीच महाजालाची सर्वांत मोलाची देणगी ठरली आहे. कीड पडलेल्या बोंडाचे छायाचित्र गटावर टाकून सल्ला विचारणे, हवामान व कापसाचे भाव पाहणे, लग्नपत्रिका व निधनवार्ता पाठविणे, भजने व लोकगीते ऐकणे हेही नित्याचे झाले आहे.

अक्षरजुळणीपेक्षा बोललेला संदेश पाठविणे अनेकांस सोयीचे वाटते. ह्यामुळे निरक्षर माणसासही महाजाल काही प्रमाणात खुले झाले आणि लिपीवाचून राहिलेल्या बोलींना वाव मिळाला. कोलामी व गोंडी बोलणारी माणसे आपसांत त्याच भाषांत संदेश पाठवू शकतात. गोंडीच्या मसाराम व गुंजाळा ह्या दोन लिप्यांना युनिकोड ह्या जागतिक वर्णसंकेतात अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये स्थान मिळाले. शासकीय अर्ज मात्र मराठीत किंवा इंग्रजीतच असतात. त्यांतील मराठीही पुष्कळदा कचेरीच्या वळणाची असल्याने ती मराठी भाषकालाही समजावून घ्यावी लागते.

पैशांचे व्यवहार व फसवणूक : २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय’ पद्धतीमुळे चहाच्या टपरीपासून कृषी केंद्रापर्यंत चौकोनी संकेतचिन्ह दाखवून पैसे घेतले जातात. गावात बँक नसेल, तेथे बँकेचा प्रतिनिधी ठशावर रोख रक्कम देतो. अशा वेळी पावती मागून घेणे आवश्यक असते. अनुदान थांबेल, वीज तोडली जाईल अशी भीती घालून ओटीपी विचारणे, बनावट दुवा पाठविणे इ. फसवणुकीचे प्रकार वाढले आहेत. अशा घटनेनंतर १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळविल्यास रक्कम पुढे जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते.

धोका केवळ व्यक्तीस नसून सार्वजनिक नोंदींनाही असतो. २०२५ च्या अखेरीस आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी ह्या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावाच्या नावे जन्ममृत्यूच्या संगणकीय नोंदणीत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे आढळले व पोलिसांकडे तपास सोपविण्यात आला. हजारो जन्म कागदी नोंदवहीत घुसडणे सहज कोणाच्या लक्षात आले असते. दूर अंतरावरून चालणाऱ्या प्रणालीत प्रवेशाची किल्ली परक्या हाती गेल्यास असे प्रकार गावकऱ्यांच्या नकळत घडू शकतात.

मूल्यमापन : संगणकामुळे कचेरीतील खेटे कमी झाले, उतारा व रक्कम थेट मिळू लागली, मधल्या गळतीस काही आळा बसला, हे लाभ निर्विवाद आहेत. त्याचबरोबर नोंद हाच पुरावा ठरल्याने नोंदीतील चूक ही माणसाच्या हक्काची हानी ठरते आणि चूक घडणे क्षणाचे असले, तरी तिची दुरुस्ती पुष्कळदा महिन्यांची असते. म्हणून संगणकसाक्षरतेचा अर्थ केवळ यंत्र चालविता येणे एवढाच घेणे पुरेसे नाही. आपला अर्ज पाठविण्यापूर्वी वाचून घेणे, पोच व अर्जक्रमांक जवळ ठेवणे, परवलीचा शब्द स्वतःकडे राखणे, सातबारा, आधार व बँकखाते यांवरील आपले नाव अधूनमधून ताडून पाहणे आणि चूक आढळल्यास ती कोठे सांगावयाची हे माहीत असणे, ह्या गोष्टी तीत येतात. ह्यांपैकी बहुतेक गोष्टींस महागडा फोन लागत नाही. केंद्रातील पडदा अर्जदाराकडे वळविला जाणे व भरलेली माहिती त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखविली जाणे, एवढे झाले तरी त्यांचा आरंभ होतो.